मान्य चंद्र : त्रेसष्ट

"ही पत्रिका खोटी आहे," आबा म्हणाले आणि त्यांनी भिंग खाली ठेवलं.

बाबांचा पोह्यांचा घास तोंडापाशीच थांबला. पत्रिका आदल्या संध्याकाळी छापून आल्या होत्या. दीडशे प्रती. वर गणपती, कोपऱ्यात सोनेरी चंद्र आणि मध्ये मजकूर : आमचे तीर्थरूप श्री. पद्माकर रामचंद्र विसपुते यांनी सहस्र चंद्रांचे दर्शन घेतल्याप्रीत्यर्थ, वगैरे.

"शुद्धलेखन चुकलंय का?" बाबांनी विचारलं.

"शुद्धलेखन बरोबर आहे. विधान चुकलंय. मी हजार चंद्र पाहिलेले नाहीत."

आबा सदतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. ते निवृत्त होऊन तेवीस वर्षं झाली होती, पण हे फक्त खात्याला माहीत होतं. घरी येणारी दुधाची पिशवी ते मापात ओतून बघत. देवपुरातल्या आमच्या गल्लीत भाजीवाल्या ओरडत यायच्या, आमच्या दाराशी आल्या की गप्प व्हायच्या आणि पुढच्या दारापासून पुन्हा ओरडायला लागायच्या.

"आबा, माणूस एक्याऐंशीचा झाला की करतातच हे," बाबा म्हणाले. "हजार पौर्णिमा होऊन जातात."

"एक हजार दोन. झाल्या, हे मान्य. झाल्या म्हणजे मी पाहिल्या, हे कुणी ठरवलं? धुळ्याच्या बाजारात रोज ट्रकभर कांदा उतरतो, तो मी खाल्ला का?" त्यांनी पत्रिका उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडायला घेतला. "पहिली पाच वर्षं मला आठवत नाहीत. बासष्ट वजा. पावसाळ्याचे चार महिने ढग. तीनशेच्या वर वजा. मोतीबिंदूची तीन वर्षं वजा."

"मोतीबिंदूत तुम्हाला दोन-दोन चंद्र दिसायचे," बाबा म्हणाले. "ते दुप्पट धरा."

"दुबार नोंद हा गुन्हा आहे, सुहास."

बाबांनी गुरुजींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. गुरुजी अनुभवी होते. म्हणाले, "अहो आबासाहेब, तुम्ही नसेल पाहिला, पण चंद्राने तर तुम्हाला पाहिलंय ना?"

"मग दर्शन त्याला झालं," आबा म्हणाले. "सत्कार त्याचा करा."

गुरुजींनी फोन ठेवला. रेंज गेली असं ते नंतर म्हणाले.

आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने फक्त एकदा पत्रिकेकडे पाहिलं आणि आत जाऊन पुन्हा चहा टाकला. सगळ्यांचा चहा झाला होता. आजी दुसऱ्यांदा चहा टाकते तेव्हा प्रकरण गंभीर असतं, एवढं घरात सर्वांना ठाऊक होतं.

प्रकरण आजीच्या भावाचं होतं.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी आबांची बदली अमळनेरला झाली. अमळनेरला आजीचं माहेर आणि माहेरचं सराफी दुकान. आबा एका दुपारी सासुरवाडीला गेले, जेवले आणि हात पुसून दुकानात आले. सासऱ्यांचा सोन्याचा काटा त्यांनी तपासला, तो अर्ध्या गुंजेने चुकत होता, म्हणून त्यांनी तो सील करून नोटीस दिली. सासरे म्हणाले, काटा जुना आहे, माझ्या लक्षात नाही आलं. आबांनाही ते पटलं होतं. त्यांनी नोटिशीत तसं लिहिलंसुद्धा. आजीच्या माहेरच्यांचं म्हणणं एवढंच, की निदान नोटीस आधी देऊन मग जेवायला हवं होतं.

तेव्हापासून आजीचा भाऊ, रघुमामा, आमच्या घराची पायरी चढला नव्हता. दर भाऊबीजेला तो अमळनेरहून बसने यायचा, आजी तबक घेऊन धुळ्याच्या एसटी स्टँडवर जायची आणि चौकशीच्या खिडकीच्या आडोशाला, वाऱ्याने निरांजन विझू नये म्हणून पदर आडवा धरून, भावाला ओवाळायची. मग तो त्याच बसने परत जायचा. कंडक्टर ओळखीचे झाले होते. ते बस पाच मिनिटं थांबवून धरायचे आणि करंजी खायचे.

या वेळी बाबा स्वतः अमळनेरला जाऊन आमंत्रण देऊन आले. रघुमामा म्हणाला, "येतो. हजार चंद्र पाहिलेल्या माणसाशी अबोला धरू नये म्हणतात. पण एक अट आहे. तुमच्याकडे गूळतुला करायची आणि तिचा काटा मी आणणार. दाजींनी तो तपासायचा नाही."

ही अट आबांना अजून कुणी सांगितलीच नव्हती. आणि आता आबा चंद्रच अमान्य करून बसले होते. समारंभाला अकरा दिवस राहिले होते.

"निन्या," बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू मोकळाच आहेस. आबांचे चंद्र भरून दे."

मी तेव्हा बावीस वर्षांचा इंजिनियर होतो, म्हणजे घरी होतो. पाच ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या. त्यातल्या एकीत मला विचारलं होतं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? याच खुर्चीत, मी म्हणालो, कारण अजून निकाल लागलेला नसेल. चंद्र भरून देणे हे मला मिळालेलं पहिलं काम.

आबा तयार झाले, पण त्यांच्या पद्धतीने. त्यांनी खात्याच्या काळातली एक उरलेली लांबोडकी वही काढली आणि रकाने आखले. दिनांक, स्थळ, साक्षीदार, शेरा. आठवण सांगायची, साक्षीदार सांगायचा, मग ते ठरवणार : मान्य की बाद.

"कोजागिरी," मी सुरुवात केली. "दरवर्षी एक. सत्तर तरी होतील."

"एकेक सांग."

"मला कसं सांगता येईल? मी जन्मलो नव्हतो."

"मग मी सांगतो. एरंडोल, ऑफिसच्या गच्चीवर. मसाला दूध होतं. जायफळ जास्त झालं होतं. शिपाई तडवी होता, तो तीन पेले प्यायला आणि जिन्यातच झोपला." आबा थांबले. "दूध आठवतं. चंद्र आठवत नाही. बाद."

पहिल्या दिवशी अकरा चंद्र तपासणीला आले आणि एक मान्य झाला. तो चोपड्याच्या वाटेवरचा होता. एसटीचा पाटा तुटला होता, सगळे उतरून मोरीच्या कठड्यावर बसले होते, आणि एका अनोळखी बाईने आबांना भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. भाकरीवर ठिपके पडले होते ते करपलेले आहेत का बघायला आबांनी ती उजेडाकडे धरली. तो उजेड चंद्राचा होता.

"साक्षीदार?" मी विचारलं.

"भाकरी," आबा म्हणाले, आणि स्वतःच दचकले. "नको. ड्रायव्हर लिही."

बाबांचा जन्म पौर्णिमेचा. सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून गोल उजेड दिसत होता. पण तो चंद्र होता की फाटकावरचा दिवा, याची आबांना खात्री देता येईना. बाद. बाबांना हे लागलं. ते दोन दिवस आबांशी कामापुरतं बोलले.

लोडशेडिंगच्या काळातले मात्र एकदम नऊ मान्य झाले. वीज गेली की सगळी गल्ली ओट्यावर यायची, आणि आबा ओट्यावर बसून समोरच्या पाटलांच्या म्हातारीला दोरा ओवून द्यायचे. सुईचं भोक दिसायचं, म्हणजे चंद्र होता. "वीज मंडळाचे आभार मानले पाहिजेत," मी म्हणालो. आबांनी ते शेऱ्यात लिहायला सांगितलं.

आई तेव्हा एका योगवर्गाला जायची. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, की रोज सकाळी तीन गोष्टींचे आभार वहीत लिहायचे. पहिल्या दोन आईला सुचत. तिसरी सुचली नाही की ती 'गॅस' लिहायची. एका दुपारी तिने आमची वही उघडली आणि उभ्या उभ्या चार पानं वाचली. सायकलच्या हँडलला अडकवलेल्या टरबुजाचा चंद्र. शेतावर राखणीला गेल्यावरचा, ज्यात बैल शिंकला होता. अत्तरदे मास्तरांच्या तिरडीमागून चालतानाचा. अत्तरदे मास्तरांनी आबांना पाढे शिकवले होते.

"तुमची वही माझ्यापेक्षा बरी आहे हो," आई म्हणाली. "माझी गॅसनेच भरलीये."

"सूनबाई, आभार वेगळे आणि नोंद वेगळी," आबा म्हणाले. "नोंदीला पुरावा लागतो."

नऊ दिवसांनंतर, शुक्रवारी संध्याकाळी, मी बेरीज केली. तपासणीस आलेले चंद्र चारशे अठरा. बाद तीनशे पंचावन्न. मान्य त्रेसष्ट.

"म्हणजे पंधरा टक्केच," बाबा म्हणाले. "पासिंगला पस्तीस लागतात."

"रविवारचा समारंभ रद्द," आबा म्हणाले. "मी त्रेसष्ट चंद्रांवर पाटावर बसणार नाही. लोकांना कळवा."

आजी आत मोदकाची उकड मळत होती. संकष्टी होती त्या दिवशी. तिच्या हाताचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"मी रघूला स्टँडवरच भेटेन मग," ती आतून म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही. मोदकाला म्हटल्यासारखं.

साडेनऊ वाजले, पावणेदहा वाजले. आजीचा दिवसभर उपास. ताटं मांडून झाली आणि तिने नेहमीच्या आवाजात, जणू घरात काही झालंच नाही अशा आवाजात म्हटलं, "अहो, चंद्र उगवला का बघून या."

आबा उठले, चप्पल शोधायला लागले, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"थांबा!" मी ओरडलो. "आबा, संकष्टी! दर महिन्याला तुम्हीच वर जाता ना बघायला?"

"मीच जातो."

"लग्न झाल्यापासून?"

"पहिल्या महिन्यापासून," आजी म्हणाली.

"सत्तावन्न वर्षं!" मी वही ओढली. इंजिनियरिंगचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग होत होता. "सत्तावन्न गुणिले बारा पूर्णांक सदतीस. सातशे पाच! अधिक त्रेसष्ट. सातशे अडुसष्ट!"

"पौर्णिमेचा नाही, चतुर्थीचा चंद्र तो," बाबा घाबरत म्हणाले.

"पत्रिकेवर नुसतं चंद्र लिहिलंय!"

"आणि वरचे दोनशे बत्तीस?"

"ग्रेस!" मी म्हणालो. बाबांनी मला मिठी मारली. आमच्या घरात मिठी मारायची पद्धत नाही, त्यामुळे माझा चष्मा वाकला. आणि साक्षीदार स्वयंपाकघरात उभा होता. दर संकष्टीला आबा वरून खाली येऊन आजीला सांगत, "उगवला", आणि मगच ती पान वाढून घेई. याच्यापेक्षा भक्कम पुरावा कुठल्या कोर्टात मिळणार?

आबा मात्र चप्पल हातात घेऊन उभेच होते.

"लिहू नको," ते म्हणाले.

"का?"

"त्यातला एकही मी पाहिलेला नाही."

चप्पल त्यांनी खाली ठेवली आणि ती नीट जोडीने लावली. मग आजीकडे न बघता म्हणाले, "मी वर सिगरेट ओढायला जायचो. महिन्यातून एकदा. कॅलेंडरवर चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. ती झाली की खाली यायचं आणि सांगायचं, उगवला. वर बघायची गरज कधी पडली नाही."

"तुम्ही तर सिगरेट सोडली होती," बाबा म्हणाले. "माझ्या जन्माच्या वेळी. आईची शपथ घेऊन."

"ती पण खोटी."

सदतीस वर्षं ज्या माणसाने अर्ध्या गुंजेसाठी सासरा सोडला नाही, त्याने बायकोला सातशे पाच खोटे दाखले दिले होते. तेही उपाशी बाईला. मला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती. बाबा एकदम खूप लहान दिसायला लागले.

"अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सिगरेट बंदच केली," आबा पुढे म्हणाले. जबाब पूर्ण द्यायची त्यांची सवय. "त्यानंतर नुसता जातो. टाकीतल्या पाण्याची पातळी बघतो. चंद्र नाहीच. तुझे सगळे उपास माझ्यामुळे..." त्यांना शब्द सापडेना. "सदोष झाले," ते म्हणाले.

आजीने मोदकाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, वाफ जाऊ दिली आणि पुन्हा लावलं.

"वेलदोडा," ती म्हणाली.

"काय?"

"वेलदोडा खाऊन यायचात खाली. महिन्यातून एकदाच, संकष्टीला, चंद्र बघून आल्यावर. चंद्र बघायला वेलदोडा कशाला लागतो हो माणसाला?"

आबा तिच्याकडे बघतच राहिले.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या महिन्यापासून."

"आणि तू माझ्या सांगण्यावर उपास सोडायचीस?"

"मी काय वेडी आहे? खिडकीतून बघून घ्यायचे आधीच. जिथं खिडकी पूर्वेला नव्हती तिथं शेजारणीच्या ओट्यावरून बघायचे. पारोळ्याला तर मोरीच्या झरोक्यातून बघितलाय. आत्ता पण बघितलाय, तो काय, पाटलांच्या टाकीमागे."

आम्ही सगळ्यांनी माना वाकवून खिडकीतून पाहिलं. होता. पाटलांच्या काळ्या टाकीमागून अर्धवट वर आलेला, पिवळट.

"मग मला कशाला पाठवायचीस?" आबांनी विचारलं. त्यांचा आवाज निरीक्षकाचा नव्हता.

आजीने विचार केला. तिला हा प्रश्न सत्तावन्न वर्षांत कुणी विचारलेला नसावा.

"दिवसभर लोकांच्या चुका काढून यायचात," ती म्हणाली. "घरी आल्यावर मीठ, पोळीचा काठ, दुधाचं माप. वर गेलात की तेवढी पंधरा मिनिटं कुणाच्या चुका काढत नव्हतात. खाली आलात की पहिला घास घेऊन म्हणायचात, 'भाजी मस्त झालीये.' महिन्यातून एकदाच म्हणायचात. मग मी पाठवायचे." तिने पदराने हात पुसले. "बसा आता. मला भूक लागलीये."

आम्ही जेवलो. त्या रात्री आबा भाजीबद्दल काहीच बोलले नाहीत. बोलायची त्यांची हिंमत झाली नसावी.

शनिवारी सकाळी सहा वाजता त्यांनी मला उठवलं. वही त्यांच्या हातात होती.

"आजीला विचार, तिचे किती."

आजी अंगणात तुळशीला पाणी घालत होती. "बाराव्या वर्षी आईबरोबर धरली संकष्टी," ती म्हणाली. "तेव्हापासून. ढग असले तर दुसऱ्या दिवशी बघायचेच, राहवायचं नाही. आणि पौर्णिमा तर काय, दिसतातच. मोजलं नाही बाई मी कधी."

मी पेन काढलं. "साक्षीदार कोण लिहू?"

आबांनी वही माझ्याकडून घेतली. दिनांकाचा रकाना कोरा सोडला, स्थळाचा सोडला, साक्षीदाराचा सोडला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : हजार. मान्य. खाली सही केली, तारीख टाकली. मोजल्याशिवाय त्यांनी केलेली ही पहिलीच सही असावी.

"समारंभ होईल," ते म्हणाले. "फक्त नाव चुकलंय. तिचं घाला."

"आबा, पत्रिका वाटून झाल्यात!" बाबांनी डोक्याला हात लावला.

"माप चुकलं तर दुरुस्त करता येतं. नंतर सील लावतात."

गुरुजी फोनवर म्हणाले, "बाईंना सत्त्याहत्तरच वर्षं झालीत. चार वर्षं कमी पडतात."

"वय कमी आहे," आबा म्हणाले. "भरणा पूर्ण आहे."

गुरुजींनी शेवटी मार्ग काढला. जोडीने बसा, संकल्पात दोन्ही नावं घेतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा. त्या दिवशी त्यांची रेंज गेली नाही. मला वाटतं, त्यांना मजा यायला लागली होती.

रघुमामाची अट बाबांनी शनिवारी संध्याकाळी आबांना सांगितली. "बघू," एवढंच आबा म्हणाले. आजीने चहा टाकला. सगळ्यांचा झाला होता.

रविवारी मांडव गच्चीवरच होता. सत्तावन्न वर्षांतली शेवटची पंचवीस वर्षं आबा जिथे चंद्र न बघता उभे राहत, बरोबर तिथे. जिन्याच्या तोंडाशी आबा नवं धोतर नेसून, हातात पेन घेऊन उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाकडून पत्रिका मागून घेत, 'श्री. पद्माकर' खोडून वर 'सौ. द्वारका' लिहीत, बाजूला सही करत आणि पत्रिका परत देत. जे पत्रिका विसरून आले होते त्यांना तोंडी दुरुस्ती सांगत. जिन्यात रांग लागली. पाटलांची म्हातारी म्हणाली, "मला वाचता येत नाही, पण खोडलंय ते बरं केलं."

साडेदहाला रघुमामा आला. पांढरी टोपी, हातात काठी, मागे दोन हमाल आणि त्यांच्या खांद्यावर दांडीचा मोठा तराजू. तो उंबऱ्यापाशी थांबला. आत येण्याची सवय नसलेला माणूस जसा थांबेल तसा, चप्पल कुठे काढायची ते शोधत.

आजी तबक घेऊन पुढे झाली. निरांजनापुढे तिने पदर आडवा धरला. वारा नव्हता. दार होतं, भिंती होत्या, छप्पर होतं. तरी तिने पदर धरलाच, आणि ओवाळून होईपर्यंत खाली घेतला नाही.

"करंजी आहे का?" रघुमामाने विचारलं. "कंडक्टरला द्यायची राहिली."

वर तराजू टांगला गेला. गूळतुला म्हणजे एका पारड्यात माणूस आणि दुसऱ्यात त्याच्या वजनाइतका गूळ. नंतर तो गूळ वाटून टाकायचा. पारडी रिकामी होती आणि तरीही डावं पारडं चांगलं दोन बोटं खाली होतं. ते आंधळ्यालाही दिसलं असतं. मी जवळच उभा होतो, म्हणून मला दांडीवरचा तपासणीचा शिक्काही दिसला. त्याची मुदत संपून नऊ वर्षं झाली होती.

आबांचा हात खिशाकडे गेला. त्या खिशात भिंग असतं.

रघुमामा काठीवर दोन्ही हात ठेवून आबांकडे बघत होता. आजी डाव्या पारड्यात बसली होती, पदर सावरून, नव्या नवरीसारखी अवघडून. ती कुणाकडेच बघत नव्हती. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. दीडशे माणसं गप्प झाली, कारण गुरुजी गप्प झाले होते.

आबांचा हात खिशापाशी राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला. मान वर केली आणि मांडवाच्या कापडाला पडलेल्या भोकातून आकाशाकडे पाहिलं. अकराच्या उन्हात तिथे काहीही नव्हतं. बराच वेळ पाहिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

आवाज अगदी तोच. सातशे पाच वेळा जिन्यातून खाली आलेला.

"कुणीतरी ह्यांना वेलदोडा द्या," पारड्यातून आजी म्हणाली.

आई हसली, मी हसलो, बाबा डोळे उघडून हसले. बाकीच्यांना काही कळलं नाही, पण मांडवात एकदा हसू सुटलं की ते सगळ्यांचं होतं.

आजीचं वजन एक्कावन्न किलो गूळ भरलं. आमच्या घरच्या काट्यावर ती अठ्ठेचाळीस भरत असे. गूळ उतरवताना रघुमामा माझ्या कानाशी आला. "तीन किलोचा फरक मुद्दाम ठेवला होता," तो म्हणाला. "आठवडाभर खपलोय त्याच्यावर. म्हटलं, बघू तरी." त्याने नाक पुसलं. "माझा बाप असायला पाहिजे होता बघायला."

आबा त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. चव्वेचाळीस वर्षांनंतर माणसांनी एकमेकांना काय म्हणावं याचा आमच्याकडे रिवाज नाही.

"चला," आबा म्हणाले. "जेवून घ्या."

"जेवतो, दाजी," रघुमामा म्हणाला. "पण नंतर नोटीस देऊ नका."

हे सगळं होऊन आता बरीच वर्षं झाली. मला नोकरी लागली, तिथेही मी मुख्यतः नोंदीच करतो. पण मी ज्यासाठी ती लांबोडकी वही जपून ठेवली आहे ते समारंभाचं पान नाही. ते त्याच्या पुढचं पान आहे. पुढच्या महिन्याच्या संकष्टीचं.

त्या संध्याकाळी आजीने नेहमीसारखं म्हटलं, "अहो, चंद्र उगवला का बघून या." आबा वर गेले. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. मोदक गार झाले. आजी दोनदा खिडकीशी जाऊन आली. चंद्र कधीचा टाकीच्या वर आला होता. चाळीस मिनिटांनी आबा खाली उतरले, हात धुतले आणि पाटावर बसले. तोंडाला वेलदोड्याचा वास नव्हता.

"उगवला का?" आजीने विचारलं.

"उगवला," आबा म्हणाले. "पण घट आहे. वरच्या अंगाला चांगलीच. चार दिवसांत एवढी घट म्हणजे..."

"मग?"

आबांनी ताट स्वतःकडे ओढलं.

"केला पास," ते म्हणाले. "भाजी मस्त झालीये."

"अहो," आजी म्हणाली, "अजून वाढली कुठंय?"